देऊळ ते खिंड: चार तास दहा मिनिटे

“अडुसष्ट,” ओगले म्हणाले आणि भर वाटेत थांबले.

मी मागून येत होते. त्यांच्या पाठीवर आदळता आदळता वाचले.

“काय झालं?”

“तिसरा चिंचोका टाकला का मी?”

“मला काय माहीत!”

“तुम्ही मध्येच विचारलंत, पाणी हवंय का म्हणून. त्यात गेलं ते.” त्यांनी डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला, उजव्यातले चिंचोके तळहातावर घेऊन बघितले आणि मान हलवली. “चला. देवळापाशी परत.”

ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा मी शिंकले म्हणून परत गेलो. दुसऱ्यांदा मी काहीच केलं नव्हतं, समोरून म्हशी आल्या; पण त्याचाही राग माझ्यावरच निघाला. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात, अशी या गृहस्थांची मोजणी. भूमापन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, वय एकाहत्तर, देशभरातल्या चाळीस पायवाटा त्यांनी अशाच चिंचोक्यांनी मोजल्या होत्या. आणि आता चाळिसावी पुन्हा मोजताना सुरुवातीलाच माझ्या नाकी नऊ आले होते.

आमच्याबरोबर ठमाबाई होती. कारवंडे गावची, पन्नाशीच्या पुढची, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पायात टायरच्या चपला. नाळदऱ्याची ही वाट तिच्या सासऱ्यापासून त्यांच्या घरानं वाटसरूंना दाखवलेली. ती आमच्याकडं बघून पदराआड हसत होती.

“ठमाबाई, तुम्ही तरी सांगा यांना,” मी म्हटलं. “अशानं संध्याकाळ व्हायची.”

“दादांना कोण सांगनार? पंचवीस वर्सं हेच चाललंय,” ती म्हणाली आणि गाठोडं सावरून देवळाकडं वळलीसुद्धा.

देवळाच्या पायरीवर ओगल्यांनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं, ७.४०, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “आता शिंक आली तरी दाबून धरा.”

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेत संपादक होते. ओगल्यांच्या पुस्तकाचं बाड माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी हरखून गेले होते. उत्तराखंड, स्पिती, सिक्कीम, मेघालय, निलगिरी, केरळ, आणि शेवटी आपला सह्याद्री. मी स्वतः डोंगर चढणारी. आमच्या गिर्यारोहण मंडळात माझ्या वेगाचं कौतुक होतं. दुसऱ्यांना पाच तास लागायचे तिथं मी तीन तासांत वर पोचून मागच्यांसाठी चहा करून ठेवायचे. अशा मुलीच्या हातात असं पुस्तक पडल्यावर तिला दुसरं काय हवं?

मग मी ते वाचायला घेतलं.

उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत माणसं नुसती उभी राहून गहिवरतात. ओगल्यांनी लिहिलं होतं, ‘फुले पुष्कळ. दगड निसरडे. पाणी उजव्या हाताला.’ मेघालयातल्या जिवंत मुळांच्या पुलाबद्दल, ‘पूल मजबूत. उतरताना पायऱ्या मोजाव्यात, चढताना उपयोग होतो.’ केरळातल्या जंगलाबद्दल, ‘जळवा. मीठ न्यावे.’ स्पितीचं अख्खं प्रकरण तर दोन शब्दांवर संपवलं होतं, ‘सावली नाही.’ मी फोन केला, म्हटलं, “काका, वाचकाला तिथं जावंसं वाटलं पाहिजे हो. थोडं सौंदर्य येऊ द्या.” ते म्हणाले, “सौंदर्य त्याला दिसेल की. डोळे आहेत ना त्याला? मी दिसत नाही ते सांगतो.”

पण सगळ्यात संताप आणला तो त्यांच्या वेळांनी. प्रत्येक टप्प्यापुढं वेळ लिहिलेली, आणि ती अशी की वाचणारा घरीच बसावा. चाळिसांपैकी तीन वाटा मी स्वतः चाललेली होते. त्यांनी साडेचार तास लिहिलेत तिथं मला अडीच लागले होते. मी विचारलं, “हे कुणाच्या पायांनी मोजलंत?” ते म्हणाले, “बरोबर आहे ते. ठेवा तसंच.” कारण विचारलं की फोन ठेवायचे. आमचे मालक वर्तकसाहेब म्हणाले, “हेमांगी, तरुण मुलं घेणारेत हे पुस्तक. वेळा जरा आटोपशीर दिसू देत. बघ काय ते तू.”

मी बघितलं. एका दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि चाळीसच्या चाळीस वाटांच्या सगळ्या वेळा दोन तृतीयांश करून टाकल्या. तीन तासांचे दोन तास, दीड तासाचा एक. शेवटच्या मुद्रितांवर लाल पेनानं एकेक आकडा बदलत गेले, आणि सांगायला आज लाज वाटते, पण एखाद्या जाड्या माणसाला व्यायाम लावावा तसा आनंद मला होत होता. ओगल्यांना ती मुद्रितं मी दाखवली नाहीत. दाखवली असती तर पुस्तक आणखी वर्षभर रखडलं असतं.

आणि नेमकी शनिवारी दुपारी तीनला छपाई सुरू होणार, तर आदल्या दिवशी ओगल्यांचा फोन. नाळदऱ्यातलं जांभळाचं झाड पडलंय असं कळलं. पुस्तकात ‘जांभळापासून उजवीकडे’ असं आहे. स्वतः बघून आल्याशिवाय ते वाक्य छापू देणार नाही. आता हे छापखान्याच्या पायरीवर जाऊन बसले, त्यांनी मुद्रितं मागितली, तर सगळंच बाहेर येणार. मी घाईघाईनं म्हटलं, “मी येते तुमच्याबरोबर. झाड नसेल तर खालच्या गावातून फोन करून वाक्य बदलू.” म्हणजे मी तिथं वाटेसाठी गेले नव्हते. त्यांना छापखान्यापासून लांब ठेवायला गेले होते. माझ्या जाकिटाच्या खिशात चाळिसाव्या वाटेच्या दुरुस्त मुद्रिताची घडी होती. ‘देऊळ ते खिंड: दोन तास.’ त्यांचे तीन होते.

तर ७.४० ला आम्ही चौथ्यांदा निघालो. डिसेंबर होता, गवत दवानं भिजलेलं, ऊन अजून दरीत उतरलेलं नव्हतं. ओगले पुढं, ओठ हलवत, मी मध्ये, ओठ आवळून, ठमाबाई मागं. ओढ्यापाशी पोचेपर्यंत ठीक चाललं. तिथं त्यांनी पाण्याच्या धारेखाली बाटली धरली आणि भरायला किती वेळ लागतो ते मोजायला सुरुवात केली.

“हे कशाला?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात किती धार राहील त्याचा अंदाज येतो.”

मग त्यांनी दुसरी बाटली धरली. खात्री करायला. मग तिसरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काका, मी पुढं होते. खिंडीत भेटू.”

ते झटकन वळले. “पुढं जायचं नाही. एकत्र चालायचं.”

“वाट तर दिसतेय की स्वच्छ!”

“आत्ता दिसतेय.”

“मी पंधरा वर्षं डोंगर चढतेय, काका. लहान मूल नाही मी.”

“तुम्ही किती वर्षं चढताय ते विचारलं नाही मी.” त्यांचा आवाज चढला होता. “एकत्र चालायचं म्हटलं ना!”

एवढ्यात चौथी बाटली भरली आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडं गेलं. मी तेवढ्यात पाऊल उचललं. ठमाबाईनं मागून हाक मारली, “ताई, खिंडीत थांब बरं. वाटोबापुढं दगुड टाकू नको. शेवटलं मानूस आल्याबिगर दगुड टाकत न्हाईत.”

“बरं, बरं,” मी म्हटलं, आणि निघाले.

काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! पाय आपोआप पडायला लागले. वाट कारवीच्या रानात शिरली, डोक्याच्या वर गेलेली कारवी दोन्ही बाजूंनी, समोर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. एका ठिकाणी मोठं झाड आडवं पडलेलं होतं, मुळं वर करून. हेच ते जांभूळ. त्याच्या बुंध्याला वळसा घालून डावीकडं एक पुसट वाट गेली होती आणि उजवीकडं एक रुळलेली. मी उजवीकडची घेतली. ओगल्यांचं वाक्य तेवढं खरं होतं, हे कबूल करायला हवं.

पावणेदहाच्या सुमाराला मी घड्याळ बघितलं. दोन तास होऊन गेले होते. खिंड कुठंच नव्हती.

मी मुद्रिताची घडी काढून बघितली, जसं काही त्यात वेगळं लिहिलेलं सापडणार होतं. ‘देऊळ ते खिंड: दोन तास.’ माझ्याच हातचा लाल आकडा. आणखी पाच मिनिटं चालले. चढ संपेना. कारवीच कारवी. मग मनात जे आलं ते आज जसंच्या तसं आठवतं. दोन तास हा वेळ सावकाश चालणाऱ्यासाठी आहे. मी तर पळत आलेय. मला पावणेदोनच लागायला हवेत. दोन तास दहा मिनिटं झाली आणि खिंड आलेली नाही, याचा अर्थ एकच. वाट चुकली. जांभळापाशी डावीकडं जायला हवं होतं. म्हातारा घोटाळा करून बसलाय.

तो आकडा मी स्वतः कॅल्क्युलेटरवर काढलेला होता, त्या वाटेवर माझं पाऊलही पूर्वी पडलेलं नव्हतं, हे मला एकदाही आठवलं नाही. छापलेलं होतं ना! छापलेल्यावर माझा फार विश्वास.

मी मागं फिरले, पडलेल्या झाडापाशी आले आणि डावीकडची वाट धरली. ती सुरुवातीला बरी होती. मग गुरांच्या वाटांसारखी फुटत गेली, एकीच्या तीन झाल्या, त्यातली रुंद बघून मी घेतली, ती कातळाच्या कडेनं आडवी निघाली. अजून जरा पुढं, अजून जरा पुढं असं करत गेले, आणि पायाखालचा मुरूम एकदम सरकला. मी चार-पाच हात घसरत खाली आले आणि कारवीचं एक खोड हाताला लागलं म्हणून थांबले. पायांखाली वीतभर जागा होती. त्याच्या खाली काही नव्हतं. खूप खोल खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

वर जायला पाय उचलला की मुरूम सरकायचा. खाली जायचा प्रश्नच नव्हता. मी ते खोड दोन्ही हातांनी कवटाळून बसले. आधी राग आला, ओगल्यांचाच. मग भीती वाटली. इतकी वाटली की मी मोठ्यानं रडले, आईला हाका मारल्या. आमच्या मंडळातल्या कुणी पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. कारवीचं खोड म्हणजे काय, तर काठी. ती मुळासकट हलत होती, आणि मी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून समोरच्या कातळाकडं बघत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. अकरा वाजून गेल्यावर वरून आवाज आला.

“ताई! हाय का गं?”

“ठमाबाई! इथं! खाली!” मी उठायला गेले.

तिचं तोंड वर कडेला दिसलं. तिनं एकदा मला बघितलं, एकदा खालची दरी बघितली, आणि भाजीवालीवर ओरडावं तशी ओरडली, “उबी नको ऱ्हाऊ! बस. बुडावर बस म्हनते ना!”

ती पालथी पडून सरपटत खाली आली, गाठोड्याचं फडकं सोडून त्याला पीळ दिला, वरच्या कातळाच्या खाचेत पाय रोवून एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं माझ्या मनगटाला. मी बसल्या बसल्या, टाचा रोवत, इंच इंच वर सरकले. भाकऱ्या दरीत गेल्या. वर पोचल्यावर मी तिला मिठी मारली. तिनं मला ढकललं.

“मिठ्या मागून मार. दादा थितं येकलंच हायेत, जिवाला खात बसलेत.”

वाटेत मी विचारलं, “मी इथं असेन हे तुम्हाला कसं कळलं?”

“दादांनीच धाडलं. खिंडीत आलो, तू न्हाईस. दादांचं तोंड पांढरं पडलं. म्हनले, ठमा, जांभळीपाशी जा, डाव्या अंगाला, कातळाच्या कडंला बघ.”

“त्यांना कसं माहीत?”

“त्यांनाच इचार,” ती म्हणाली, आणि झपाझप पुढं चालू लागली.

पडलेल्या झाडापासून उजवीकडं आम्ही चाललो. जिथून मी मागं फिरले होते ती जागा मला ओळखू आली. मी तिथं बिस्किटाचा कागद टाकला होता. तिथून खिंड वीस मिनिटांवर होती. फक्त वीस मिनिटांवर.

खिंडीत वाटोबाचा शेंदरी धोंडा आणि त्याच्यापुढं वाटसरूंनी टाकलेल्या दगडांचा कमरेएवढा ढीग. त्याच्या बाजूला ओगले उभे होते. बसलेले नव्हते, उभे. मला बघितल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि वही उघडली. वेळ लिहिली. मग माझ्यावर तुटून पडले.

“सांगितलं होतं ना एकत्र चालायचं? मराठीत सांगितलं होतं! ऐकू येत नाही का तुम्हाला? पंधरा वर्षं डोंगर चढताय म्हणे!” मग एकदम आवाज खाली आला. “उजवीकडची वाट तुम्ही घेतली होती?”

“घेतली होती. बरीच वर आले होते.”

“मग परत का फिरलात?”

“वाट चुकली असं वाटलं.”

“का वाटलं? ढळढळीत वाट आहे. का वाटलं?”

“दोन तास होऊन गेले होते.”

“कुणाचे दोन तास?” ते माझ्याकडं बघत राहिले. “मी तीन लिहिलेत.”

मला खोटं बोलता आलं असतं. आठवणीत घोळ झाला म्हटलं असतं तर तो विषय तिथं संपला असता, दुपारी तीनला मशीन सुरू झालं असतं. माझ्या मनात हे येऊन गेलं, नाही असं नाही. पण तळहातांची सालटं निघालेली होती आणि कानात अजून तो मुरूम घसरल्याचा आवाज होता. मी खिशातून घडी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा बदलला. वाचलं. लाल आकड्यावर बोट ठेवलं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“एवढीच वाट?”

“सगळ्या. चाळीसही.”

ठमाबाई खाली बसली. तिला काय कळलं असेल ते कळलं असेल, पण ती डोक्यावरून पदर घेऊन बसली.

ओगले ओरडतील अशी माझी तयारी होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहीच्या शेवटच्या पानात चिकटवलेलं एक पाकीट उघडलं आणि त्यातून पिवळा पडलेला चौकोनी कागद काढला. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीनं जोडलेला.

“वाचा.”

वर शाईनं, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘देऊळ ते खिंड, दोन तास. सोपी वाट. मागून ये. दि. ओगले.’

“तेव्हा मला दोन तासच लागायचे,” ते म्हणाले. “शेचाळीस वर्षांचा होतो. फार अभिमान होता पायांचा. खानोलकर म्हणून आमच्या खात्यातला मित्र. जाडगेला, सावकाश चालणारा. त्याला एक दिवस उशिरा रजा मिळाली. मी ही चिठ्ठी देवळात गुरवाकडं ठेवली आणि पुढं गेलो. खिंडीपलीकडं, खाली पाथरशेत गावात वाट बघत बसलो.”

चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्या भागात दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीनं, पुसट झालेलं लिहिलेलं होतं.

‘७.०० देऊळ सोडले. ९.०० खिंड नाही. ९.२० अजून नाही. दिनकर दोन म्हणाला होता, म्हणजे वाट चुकली असावी. मागे जाऊन डावीकडची बघतो.’

“तो चुकला नव्हता,” ओगले म्हणाले. “बरोबर वाटेवर होता. माझा आकडा खरा मानून त्यानं बरोबर वाट सोडली. चार दिवसांनी ठमाबाईच्या सासऱ्यांना सापडला, त्या कातळाखाली. ही चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती.”

मी चिठ्ठीची घडी करून परत दिली, ती त्यांनी पाकिटात सरकवली.

“जास्त वेळ लिहिला तर काय होतं? माणूस लवकर पोचतो. खूश होतो. लिहिणाऱ्याला हसतो. हसू दे. कमी लिहिला तर त्याला स्वतःचा संशय येतो, आणि त्याला कुणी सांगायला नसतं तिथं. म्हणून प्रत्येक वाट मी सगळ्यात मागं राहणाऱ्याच्या पायानं मोजली. दर ठिकाणी शोधून आणायचो असा माणूस. गावातली म्हातारी, लंगडणारा पोस्टमन, कुणीही. त्याच्या मागून चालायचो.”

“मला हे आधी का सांगितलं नाहीत?” मी रडत रडत चिडून विचारलं. खरंच चिडले होते मी. “एकदा सांगितलं असतंत तर मी हात लावला असता का?”

“नसता लावला?” ते म्हणाले. “‘ठेवा तसंच’ हे मी मराठीतच सांगितलं होतं.”

बारा वाजायला आले होते. तीनला मशीन. खाली पाथरशेतात फोन. मी उठले. “मी पळत जाते. तासाभरात पोचेन.”

“अडीच तास,” ओगले म्हणाले.

“काका, आता तरी!”

“अडीच तास लिहिलेत मी. अडीच तासांत पोचू. तिघंही. आधी दगड टाका.”

“मी?”

“शेवटलं तूच ना आलीस?” ठमाबाई म्हणाली. “तिघांचं तीन टाक.”

मी तीन दगड टाकले. मग आम्ही उतरलो. त्या अडीच तासांत माझं काय झालं ते सांगता येणार नाही. पुढं ओगले, काठी टेकत, वाकून, प्रत्येक पायरीवर आधी डावा मग उजवा, आणि मी मागं, घड्याळ बघत, दात खात. एकदाही त्यांनी चिंचोका बदलला नाही. मोजणी त्यांनी सोडली होती, वेग मात्र सोडला नव्हता. दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आम्ही फोनच्या टपरीपुढं उभे होतो. टपरीला कुलूप होतं.

“जेवायला गेला असंल मुडदा,” ठमाबाई म्हणाली. पाथरशेत तिचं माहेर. ती टपरीमागच्या घरात गेली आणि टपरीवाल्याला, आपल्या चुलतभावाला, झोपेतून उठवून, बनियनवर, दंडाला धरून घेऊन आली. लाइन लागायला पाच वेळा फिरवावं लागलं. पावणेतीन.

“वर्तकसाहेब, मशीन थांबवा.”

“काय? कोण, हेमांगी? अगं, छपाईच्या पाट्या चढल्या मशीनवर!”

“उतरवा. सगळ्या वेळा चुकीच्या आहेत.”

“ओगल्यांनी घोळ घातला ना? मला वाटलंच होतं. काय माणूस आहे!”

“त्यांच्या बरोबर होत्या. मी बदलल्या.”

मग बराच वेळ फक्त त्यांचाच आवाज आला. टपरीतल्या तिघांनाही तो ऐकू गेला. मी “हो साहेब” म्हणत राहिले. ओगले बाकड्यावर बसून बुटातले खडे झाडत होते.

पुस्तक दीड महिना उशिरा निघालं. त्यावरून माझं नाव काढलं होतं आणि उन्हाळ्यात मी ती नोकरी सोडली. सोडली नसती तरी सुटली असतीच. ओगले पुढं सहा वर्षं जगले. माझ्याशी कधी गोड बोलले नाहीत, पण दर डिसेंबरात फोन करायचे आणि एवढंच विचारायचे, “कुठं जाऊन आलात? बरोबर कोण होतं?”

पुस्तकाची प्रत त्यांनीच पोस्टानं पाठवली होती. मी थेट शेवटचं प्रकरण उघडलं. जांभळाच्या जागी ‘आडवे पडलेले झाड’ झालं होतं. आणि वरच्या ओळीत तीन तास नव्हते. ‘देऊळ ते खिंड: चार तास दहा मिनिटे.’

मी तावातावानं फोन लावला. “काका, हे काय? तुम्हाला स्वतःला तीन लागले त्या दिवशी!”

“मला लागले,” ते म्हणाले. “शेवटचा माणूस अकरा पन्नासला आला. मी वहीत लिहून घेतलंय.”

आता पुस्तकाची नववी आवृत्ती चालू आहे. माझ्याबरोबर चालणारी पोरं ते पान काढतात आणि हसतात. म्हणतात, “मावशी, हे बघा ना, चार तास दहा मिनिटं! कोण चालत होतं हे, कासव?”

मी सांगते, हो, होती एक. आणि त्यांना खिंडीत बसवून ठेवते, मागचे येईपर्यंत.